चूल कोणी मोडायची

आमच्या वऱ्हाडाची एक गंमत सांगितली तर बाहेरच्यांना ती थट्टा वाटते. इंग्रजी अमलात हा अख्खा मुलूखच भाड्यानं दिलेला होता. मालकी निजामाची, कबजा इंग्रजाचा आणि रोजचा कारभार नागपूरच्या मध्यप्रांत सरकारचा. म्हणजे मालक हैदराबादेत, भाडेकरू विलायतेत आणि दिवाणजी नागपुरात. तेव्हा अमरावतीच्या परकोटात एका मालकाच्या घरांची दिवाणजीगिरी करण्यात मी जन्म काढला, याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. सरकार जे मुलुखभर करत होतं तेच मी तीन गल्ल्यांत करत होतो, आणि माझ्या मते जरा बरं करत होतो.

परकोट म्हणजे जुन्या अमरावतीभोवतीची दगडी भिंत. भिंतीच्या आत घरं एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली. त्यातली नऊ घरं आमच्या बापूसाहेबांची. बापूसाहेब मूळचे दर्यापूरकडचे, काळ्या जमिनीचे धनी. कापूस तेजीत होता तेव्हा त्यांच्या वडिलांनी शहरात घरं घेऊन ठेवली. अमरावतीत ही नऊ आणि अकोल्याला मोर्णेच्या काठी, जुन्या शहरात चार. मी अकोल्याचाच. मॅट्रिक झालो, सरकारी नोकरी काही लागेना, तेव्हा बापूसाहेबांनी मला आधी अकोल्याच्या चार घरांवर ठेवलं, आणि हात बसलेला पाहून मग अमरावतीला आणलं. आता लिहायला बसलो म्हणून शाळेतली भाषा लिहितोय. तोंडानं मात्र आयुष्यभर वऱ्हाडीच बोललो, आणि पुण्याकडच्या बिऱ्हाडकरूंना दर वेळी वाटे की हा माणूस भांडायलाच आला आहे.

दिवाणजी म्हणजे किराया वसूल करणारा, अशी लोकांची समजूत. अहो, किराया ही त्या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट. त्याबद्दल मी इथे एक अक्षर लिहिणार नाही. खरं काम माणसं लावण्याचं. एका घरात सहा बिऱ्हाडं, एक विहीर, एक मोरी आणि सहा तऱ्हेच्या जिभा. कोणाच्या शेजारी कोण नांदेल हे आधी ओळखायचं. लग्न जुळवणाऱ्याला निदान पत्रिका तरी बघायला मिळते. मला नुसतं तोंड बघून ठरवावं लागे.

खोली बघायला आलेला पुरुष छताकडे बघतो आणि बाई विहिरीकडे बघते. छताकडे बघणाऱ्याशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही, हा मी स्वतःला घातलेला पहिला नियम. अकोल्याकडे तर पाण्याचं फारच. तिथलं पाणी खारं, त्यात तुरीची डाळ शिजत नाही. म्हणून खोली बघायला येणारी बाई पदराच्या गाठीत मूठभर डाळ बांधून आणायची आणि तिथल्याच विहिरीच्या पाण्यात, शेजारणीच्या चुलीवर शिजवून बघायची. डाळ शिजली तर बिऱ्हाड आलं, नाही शिजली तर बाई पदर झटकून चालती. एका वकिलीणबाईंच्या वेळी मी लबाडी केली. दुसऱ्या आळीतल्या गोड्या विहिरीची घागर आणून आमच्या विहिरीच्या काठावर ठेवली. डाळ लोण्यासारखी शिजली, बिऱ्हाड आलं. आठव्या दिवशी त्या बाई टणक वरणाचं पातेलं घेऊन माझ्या समोर उभ्या राहिल्या आणि "खा" म्हणाल्या. मी खाल्लं. त्यानंतर पाण्याच्या बाबतीत मी कोणाशी खोटं बोललो नाही.

असे एकेक नमुने. अमरावतीला एक पहिलवान माडीवरच्या खोलीत राहायला आला. "एकटाच हाय, काई तरास नाई," म्हणाला. दुसऱ्या दिवशी बघतो तर माडीवर कालवड. "दूध लागते नं मले," तो म्हणे. म्हटलं, बाप्पा, कालवड दूध कधी देईल? तर म्हणे, "देईन की मोठी झाल्यावर." जनावर जिना चढतं पण उतरत नाही, हे ज्ञान त्या दिवशी आम्हा दोघांनाही एकदमच झालं. शेवटी पायऱ्यांवर कडब्याच्या पेंड्या रचून उतार केला, आणि सहा बिऱ्हाडांनी मिळून तिला समजावत समजावत खाली आणलं. पहिलवान नंतर पुष्कळ वर्षं राहिला आणि चांगला राहिला. कालवडीचा खुंटा मात्र परकोटाबाहेर.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या धंद्यातला एक नियम कुठल्याही भाडेचिठ्ठीत लिहिलेला नव्हता, पण त्याच्याशिवाय आमचं पान हलत नसे. मालक चार भिंती देतो, छप्पर देतो, दाराला कडी देतो. चूल देत नाही. चूल ज्या त्या बाईची. बिऱ्हाड आलं की ती माती आणते, शेण-भुसा घालून मळते, आपल्या हातानं चूल घालते, वाळली की सारवते आणि मग पहिलं दूध उतू घालवते. आणि बिऱ्हाड सोडताना, सगळं सामान बैलगाडीत चढल्यावर, ती परत आत जाते, आपल्या हातानं चूल मोडते आणि माती उचलून नेऊन झाडाच्या बुडाशी टाकते. ती मोडेपर्यंत खोली रिकामी झाली असं कोणी मानत नव्हतं. पुरुषानं किल्ली आणून दिली तरी मी विचारायचो, "चूल मोडली का?" नाही म्हटलं की किल्ली घ्यायचो नाही.

कारण सरळ आहे. नवी बाई दुसरीच्या चुलीवर रांधत नाही. आणि दुसरीची चूल मोडतही नाही, कारण त्यात त्या घराचा संसार मोडल्याचं पाप येतं म्हणतात. गवंडी मोडत नाही, चुना मारणारा मिस्त्री मोडत नाही. एकदा एक बिऱ्हाड भांडून गेलं आणि बाई मुद्दाम चूल तशीच ठेवून गेली. खोली आठ महिने पडून होती. शेवटी मी मूर्तिजापूरला तिच्या माहेरी जाऊन, हातापाया पडून, तिला आगगाडीनं घेऊन आलो. तिनं आत जाऊन दोन मिनिटांत चूल मोडली, शेजारणीकडे जेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. पितळी कुलूप तोडता येतं, पण चुलीपुढे कोर्टाचं काही चालत नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. मीच नव्या लोकांना समजावून सांगत असे. म्हणून पुढे जे झालं त्याला मी चूक म्हणत नाही; चूक नकळत होते.

परकोटाच्या दरवाजाजवळ आमच्या एका घराला रस्त्यावर उघडणारी खोली होती, पुढे दगडी ओटा. तिथं मंजुळाबाई राहायची. शेंदूरजनाघाटकडची माळ्याची लेक, लग्न होऊन अमरावतीला आली. नवरा लवकर गेला. तिनं ओट्यावर फुलं आणि हंगामात संत्री विकून एका मुलीला वाढवलं आणि माहेरच्याच गावी संत्र्याच्या बागेवाल्याकडे दिलं. मग ही एकटीच. बोलणं फटकळ, पण हिशेबी नव्हे. देवीला निघालेल्या बाईच्या पुडीत दोन फुलं जास्त टाकायची आणि वर चार शब्द सुनावायची.

कार्तिकात ती टोपली घेऊन कौंडण्यपूरच्या जत्रेला जायची. आठ-दहा दिवस खोलीला कुलूप. निघताना मला सांगून जायची, "दिवाणजी, माह्या चुलीवर नजर ठेवजा." घरावर म्हणायची नाही, चुलीवर म्हणायची. मी म्हणायचो, "चूल काय पळून जाते काय?" ती म्हणायची, "मानसाचा काय भरवसा."

लढाईचे दिवस आले. कापड परमिटवर, रॉकेल परमिटवर आणि शहरात खोली मिळणं देवाच्या परमिटवर. त्यातल्याच एका माघात मंजुळाबाई मुलीच्या बाळंतपणाला शेंदूरजन्याला गेली. पाडव्यापर्यंत येते म्हणाली. नेहमीसारखं चुलीचंही सांगितलं. पाडवा गेला, ती आली नाही. मुलगी अंथरुणाला खिळली, नातू लहान, असे निरोप येत. किरायाची तक्रार नव्हती, तो मोटारवाल्याच्या हाती वेळच्या वेळी येत होता. एवढ्यावरूनच मला कळायला पाहिजे होतं.

ज्येष्ठात तिचा जावई आला. माझ्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं मी कुलूप काढून दिलं; टोपल्या, वळकटी, दोन भांडी त्यानं बाहेर काढली, बागेतल्या खोपटात ठेवतो म्हणाला.

"सासूबाई आता येत नाई," तो म्हणाला. "घरी लहान लेकरू हाय, बागेतबी मानूस पाह्यजेच. त्या आता तिकळेच राह्यतीन. किराया माह्याच हातून येत होता, तो आता बंद."

"त्याईनं सांगतलं तसं?" मी विचारलं.

"त्यात सांगाचं काय? घरची गोठ हाय."

"अन् चूल?"

"तुमीच टाका नं मोडून. दोन इटा अन् माती, कायची चूल."

तो काही वाईट माणूस नव्हता. आपली सोय बघत होता. माझीही सोय तीच होती, कारण त्याच महिन्यात बापूसाहेबांचा निरोप आला होता. परमिटं देणाऱ्या कचेरीत पुण्याकडून एक नवा कारकून आला आहे, बायको बरोबर आहे, त्याला खोली पाहिजे, आणि तो खूश राहिला पाहिजे. "कोनती खोली रिकामी होऊन राहिली?" बापूसाहेबांनी विचारलं. मी मंजुळाबाईंच्या खोलीचं नाव घेतलं. माझ्याच तोंडातून निघालं ते.

मिस्त्रीला चुना मारायला बोलावलं. तो दारातून आत बघून म्हणाला, "दिवाणजी, चूल हाय अंदर. आपुन नाई हात लावत." त्याला म्हटलं, चहा पिऊन ये. तो गेल्यावर मी कोपऱ्यातली कुदळ घेतली. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर माणसं येत-जात होती. चूल स्वच्छ सारवलेली होती, बाजूच्या छोट्या जोडचुलीत, वैलात, राखेचा कणही नव्हता. जाताना सारवून गेली होती ती. मी चार घाव घातले. ती माती झाडाच्या बुडाशी न्यायला पाहिजे, एवढंसुद्धा मला सुचलं नाही. चुन्याच्या रिकाम्या घमेल्यात भरली आणि परकोटाबाहेरच्या उकिरड्यावर टाकून आलो. मिस्त्री परत आला, कोपरा बघितला आणि चुना कालवायला बसला. त्या दिवशी चुना त्यानं फार भराभर मारला.

पुण्याची बिऱ्हाडकरीण सुमतीबाई. वय विशीचं, नाकात बोलायची, आणि माझं वऱ्हाडी ऐकून पहिल्या दिवशी रडली. पण डोळा तिखट. कोपऱ्यात चुलीच्या जागेवरचं ताजं सारवण बघून तिनं विचारलं, "इथली चूल कोणी काढली?"

"ज्यांची होती त्याईनंच," मी म्हणालो.

नवरात्राला दोन दिवस होते. अंबादेवीच्या रस्त्याला फुलांची गर्दी सुरू झाली होती. मी माझ्या बैठकीत बसलो होतो. ही बैठक त्याच घरात, मंजुळाबाईंच्या खोलीला लागून. मला राहायला मागच्या दोन खोल्या आणि पुढे ही रस्त्यावरची बैठक, तिलाही छोटा ओटा. दुपारी मोटार आली असावी. डोक्यावर झेंडूची भरलेली टोपली आणि हातात जुन्या कुलपाची किल्ली, अशी मंजुळाबाई आपल्या दारासमोर उभी राहिली. दार उघडंच होतं. आत सुमतीबाई भाजी निवडत होती आणि तिच्या पाठीमागे तिची चूल दिसत होती. मंजुळाबाईंनी ती चूल बघितली. वळली, माझ्या ओट्याशी आली आणि टोपली खाली ठेवली.

"दिवाणजी, माही चूल कोनं मोडली?"

जावयाचं नाव सांगावं असं क्षणभर मनात आलं. पण बाईसमोर जीभ वळली नाही. "म्या," मी म्हणालो.

"मले इचारलं होतं?"

"तुमचे जवाई आले होते. ते म्हणे का बाई आता येत नाई..."

"चूल जवायाची होती का?"

ती ओट्याच्या पायरीवर बसली. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

"जवाई मले रोज म्हणे, आता इथंच राहा. मी म्हणो, मले जा लागते, माही चूल हाय अमरावतीले. एवढं म्हटलं का त्याले पुढं बोलता येत नोतं. पोरीच्या घरी मी पाहुनी होती, त्या चुलीच्या भरवशावर. आता तो म्हणन राहा, त मी काय म्हणू, सांगा तुमी."

आता सांगायला सोपं वाटतं, पण मला ते तेव्हाच कळलं. मी एक खोली रिकामी केली असं समजत होतो. त्या बाईचं नाही म्हणायचं तोंडच मी बंद केलं होतं.

संध्याकाळी बापूसाहेबांकडे गेलो. खोली परत द्यायची म्हटल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "दिवाणजी, तुमाले येड लागलं काय? त्या कारकुनाले बाहेर काढू? अन् परमिट तुमी आनता का मंग?" त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी उठताना ते म्हणाले, "तुमचा एवढा जीव जळून राहिला त तुमच्या खोल्यांतली एखादी द्या नं." टोमणाच होता. मी तो तसाच उचलून घरी आणला.

घरी बायकोला विचारायचं कसं, हा दुसरा पेच. लांबण लावत सांगत होतो. तिनं मधेच तोडलं. "चूल मोडताना मले इचारलं होतं?" म्हटलं, नाही. "मंग आता खोली देतानाबी इचारू नका. द्या."

अशी माझी बैठक मंजुळाबाईंची झाली आणि माझं मेज समोरच्या बोळात गेलं, जिथं सायकली ठेवत. सकाळी मी मोठ्या उदारपणानं तिला म्हणालो, "बाई, खोली तुमची. घाला चूल."

ती म्हणाली, "माही मी घातली होती. ही तुमी घाला."

मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती. ओट्यावर बसून हार ओवत होती, वर बघतही नव्हती. आता मला सांगा, मॅट्रिक पास झालेला, डोक्यावर टोपी, अंगात कोट, परकोटात ज्याला दिवाणजी म्हणून चार माणसं वाट देतात, त्यानं नवरात्राच्या गर्दीत रस्त्यावर बसून शेणमाती मळायची. मी कोट काढून ठेवला. मागच्या परसातली माती आणली, मळली, थापली. सहाही बिऱ्हाडं बघायला जमली. पहिलवान म्हणाला, "दिवाणजी, थोडी डाव्या अंगाले कलली." एका म्हाताऱ्यानं थांबून विचारलं की बायको माहेरी गेली काय. मी माती थापत राहिलो. तयार झालेली वस्तू चुलीपेक्षा बसलेल्या बैलासारखी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी ती मधोमध तडकली.

"तुमी वऱ्हाडातलेच नं, दिवाणजी?" मंजुळाबाई म्हणाली. "काया मातीची चूल तडकनच. गढीची पांढरी माती पाह्यजे." म्हणजे काळी माती चालत नाही हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. मी माती मळत होतो, सगळा गाव हसत होता, तेव्हाच माहीत होतं. मी टोपलं घेतलं, एका खेड्याची पडकी गढी गाठली आणि दोन खेपा पांढरी माती स्वतः वाहून आणली. दुसऱ्या वेळी तिनं शेजारी बसून तोंडानं सांगितलं, भुसा इतका, पाणी इतकं, वैलाचं तोंड इकडे. हात मात्र लावला नाही.

चूल वाळेपर्यंत ती ओट्यावर फुलं विकत होती आणि फुटाणे खाऊन राहत होती. माझ्या बायकोनं ताट पाठवलं, ते तिनं नम्रपणे परत केलं. सुमतीबाईच्या कानावर एव्हाना सगळं गेलं होतं. ती माझ्या बोळातल्या मेजापाशी आली. "तुम्ही मला खोटं सांगितलंत," ती म्हणाली. "मी चार महिने त्या जागेवर स्वयंपाक करतेय. मला कळलं असतं तर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं." अष्टमीला चूल वाळली तेव्हा ती आपल्या चुलीतला विस्तव गोवरीवर घेऊन मंजुळाबाईंच्या दारात उभी राहिली. दोघींची भाषा एकमेकींना निम्मी कळत नव्हती. मंजुळाबाईंनी विस्तव घेतला, चूल पेटवली, आणि पहिलं दूध उतू गेल्यावर सुमतीबाईला पाटावर बसवलं. पुढे त्या दोघींचं इतकं जमलं की मला त्या बोळातून जाताना घसा खाकरून जावं लागे.

दसऱ्यानंतर जावई आला. सासूला न्यायलाच आला होता, बैलगाडीसुद्धा ठरवून ठेवली होती त्यानं. मी बोळात मेजाशी बसून ऐकत होतो.

"चला सासूबाई," तो म्हणाला. "इथं आता काय ठेवलं हाय?"

मंजुळाबाई चुलीपाशी बसली होती. उठली नाही. "बसा जवाईबापू," ती म्हणाली. "माह्या घरी पहिल्यांदा आले. भाकर टाकते." तो उभाच राहिला. तिनं पीठ मळायला घेतलं. तव्यावर पहिली भाकर पडली तसा तो खाली बसला. दोन भाकरी आणि झुणका खाल्ला, हात धुतले, नातवाबद्दल चार गोष्टी बोलला आणि गाडी रिकामीच घेऊन गेला. मंजुळाबाईंनी त्याच्याबरोबर लेकीसाठी फुलं दिली. त्यानंतर ती दर वर्षी संत्र्याच्या बहाराला लेकीकडे जायची, पंधरा दिवस राहायची आणि परत यायची. जाताना चुलीबद्दल मला सांगून जाणं तिनं बंद केलं. आता ते सुमतीबाईला सांगायची.

ती अकरा वर्षं त्या खोलीत राहिली. मी मोडण्याआधी तिच्या जुन्या चुलीवरचा चहा मी कितीदा प्यालो असेन, गणती नाही. सकाळी ओट्यावरून हाक यायची, "दिवाणजी, घ्या गुळाचा." नव्या चुलीवर चहा सगळ्यांना मिळाला. मिस्त्रीला मिळाला, पहिलवानाला मिळाला, माझ्या बायकोला मिळाला, एकदा बापूसाहेबांनासुद्धा मिळाला. मी तीन हातांवर, समोरच्या बोळात बसलेला असायचो. आमचा अबोला नव्हता. ती माझ्याशी बोलायची, हसायची, गजरा माझ्या घरी रोज पाठवायची. चहाच्या वेळी मात्र तिची नजर माझ्यावरून पुढे जायची. मी कधी मागितला नाही. कोणत्या तोंडानं मागणार?

मग तिचे गुडघे गेले आणि तिनं स्वतःहून ठरवलं की आता लेकीकडे जायचं. निघायच्या दिवशी तिनं मोठं पातेलं चढवलं आणि सहाही बिऱ्हाडांना चहा केला. मी नवा सदरा घालून मेजाशी बसलो होतो. आज तरी म्हणेल, असं मनात होतं. कपबशा फिरल्या, गप्पा झाल्या, सुमतीबाई रडली. मग मंजुळाबाईंनी निखाऱ्यांवर पाणी टाकलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि मी घातलेली ती चूल आपल्या हातानं मोडली. एक ढेकूळ न सांडता माती टोपलीत भरली आणि लंगडत जाऊन विहिरीजवळच्या पारिजातकाच्या बुडाशी टाकून आली. हात धुतले आणि किल्ली माझ्या मेजावर ठेवली.

"घ्या दिवाणजी," ती म्हणाली, "आता झाली खोली रिकामी."

चहाचं पातेलं तोवर घासून झालं होतं.